कुटुंबिनी आणि कुणबीण

जुन्या वळणाच्या मराठीत 'आमचं कुटुंब' म्हणजे बायको. 'कुटुंब माहेरी गेलंय' असे सांगणाऱ्या गृहस्थाची चारही मुले घरात दंगा करत असायची, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नसे. संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला हा शब्द माजघरात आणि दिवाणखान्यात राहिला, पत्रांत आणि लग्नपत्रिकांत मिरवला. त्याच घराण्यातला दुसरा शब्द मात्र शेकडो वर्षे लोकांच्या तोंडी झिजत झिजत शेतात उतरला. तो शब्द म्हणजे कुणबी.

मूळ रूप 'कुटुंबिन्', प्रथमेत 'कुटुंबी'. अर्थ सरळ आहे: घर असलेला, घर चालवणारा. प्राकृतात दोन स्वरांमधल्या 'ट'चा 'ड' होतो. घोटकाचा घोडा झाला तसा कुटुंबीचा कुडुंबी झाला. मराठीला पुढे 'ड'चा 'ळ' करायची खोड. गुडाचा गूळ झाला, षोडशचे सोळा झाले, आणि कुडुंबीचे 'कुळंबी'. हे रूप जुन्या मराठीला परके नाही. मग शेजारच्या अनुनासिकाने 'ळ'लाही नाकात ओढले आणि 'कुणबी' उरला. गुजरातीत त्याच वाटेने 'कणबी' तयार झाला.

आता लोकांना अशी धुळीची वाट आवडत नाही, त्यांना शब्द फोडून आत काहीतरी चमकदार सापडायला हवे असते. म्हणून 'कण' आणि 'बी' अशी फोड केली जाते: एका बीपासून अनेक कण पिकवतो तो कणबी. ही फोड जातींच्या सर्वेक्षणाच्या जाडजूड ग्रंथांतही जाऊन बसली आहे. व्युत्पत्ती इतकी गोड लागली की मला आधी संशय येतो. बियाण्याचे नाव घेऊन शब्द घडवायचा असता तर आपल्या भाषेने तो वेगळ्या पद्धतीने घडवला असता. शिवाय 'घर' आणि 'शेती' ही सांगड काही फक्त आपलीच नाही. कन्नडमध्ये 'ओक्कलु' म्हणजे घर, बिऱ्हाड, कूळ. 'ओक्कलुतन' म्हणजे शेती. आणि ओक्कलिग ही तिथली मोठी शेतकरी जात. घर करून राहणे आणि जमीन कसणे या दोन गोष्टी जुन्या माणसाला वेगळ्या दिसतच नसाव्यात.

कुटुंबी मुळात लहान माणूस नव्हता, हे आधी लक्षात घ्यायला हवे. पाली जातककथांमध्ये 'कुटुंबिक' वारंवार भेटतो. त्याच्याजवळ जमीन असते, उसने दिलेले पैसे असतात, ते वसूल करायला तो बायकोला घेऊन परगावी जातो. थोडक्यात, खाऊनपिऊन सुखी. पुढे गुप्तकाळात, पाचव्या-सहाव्या शतकात, उत्तर बंगालमधल्या दामोदरपूरच्या ताम्रपटांत जमिनीची खरेदी नोंदवताना गावातल्या ज्या लोकांना ती कळवली जाते त्यांत महत्तरांबरोबर कुटुंबी आहेत. गावची जमीन कुणाला जाते आहे हे ज्याला विचारल्याशिवाय, निदान सांगितल्याशिवाय, पुढे जाता येत नाही असा तो माणूस. आजच्या भाषेत त्याला गावातला खातेदार म्हणता येईल. त्याला जात चिकटल्याचे या ताम्रपटांत दिसत नाही, चिकटले आहे ते घर आणि शेत.

मराठीत आल्यावरही पुष्कळ काळ कुणबी हा कामाचाच शब्द होता. 'कुणबावा' म्हणजे शेतकी, 'कुणबीक' म्हणजे शेतीचा धंदा. दोन्ही शब्द आता मेले, पण त्यांच्या रचनेवरूनच कळते की कुणबी असणे ही करायची गोष्ट होती. देहूच्या तुकोबांच्या घरी दुकान होते, महाजनकी होती, तरी त्यांनी देवाने आपल्याला कुणबी केले याबद्दल अभंगात देवाचे आभार मानले आहेत. तिथे कुणबी म्हणजे दंभ नसलेला, विद्येचा ताठा नसलेला माणूस. जोतीराव फुल्यांनी १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याहून स्पष्ट मांडणी केली: शेतकरी मूळचा एकच, नुसती शेती करू लागले ते कुणबी, बागाईत करू लागले ते माळी आणि मेंढरे राखू लागले ते धनगर. ही मांडणी इतिहास म्हणून तंतोतंत खरी की खोटी, हा वाद बाजूला ठेवू. भाषेच्या दृष्टीने ती फार नेमकी आहे, कारण फुल्यांच्या काळापर्यंत हा शब्द हाताशी जोडलेला होता. विदर्भातल्या पोटशाखांची नावे पाहा: घाटोळे घाटाकडचे, झाडे झाडीपट्टीतले, बावणे बावन्न गावांवरून पडले असे सांगतात. कोकणात तिल्लोरी. एवढा मोठा समूह देवकांनी आणि कुळींनी बांधलेला असला तरी बाहेरून ओळखला जायचा तो मुलखावरून आणि नांगरावरून.

फुल्यांच्या पुस्तकाच्या नावात मात्र कुणबी नाही, शेतकरी आहे. १८६९च्या शिवाजीराजांच्या पोवाड्यात त्यांनी राजांना 'कुळवाडीभूषण', म्हणजे कुणब्यांचे भूषण, म्हटले होते. चौदा वर्षांनी आसूड दिला तो शेतकऱ्याच्या हाती. हा बदल मला महत्त्वाचा वाटतो. 'शेतकरी' या शब्दाला जात नव्हती, त्यात माळी मावत होता, धनगर मावत होता, उद्या ब्राह्मण नांगर धरेल तर तोही मावला असता. विसाव्या शतकात या शब्दाने सगळे मैदान मारले. पक्ष निघाला तो शेतकरी कामगार पक्ष, चळवळ निघाली ती शेतकरी संघटना. कामाचा अर्थ शेतकऱ्याने उचलून नेला, आणि कुणबी या शब्दाच्या हाती फक्त जन्म उरला.

कोकणात हे जरा वेगळ्या रीतीने घडले. तिथे जमीन खोताची आणि कसणारा कुणबी त्याचे कूळ. 'कूळ' हा शब्दही गमतीचा आहे: कूळ बघून मुलगी देतात, आणि कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसतात. एकात घराण्याची प्रतिष्ठा, दुसऱ्यात वर्षाच्या शेवटी खोताच्या अंगणात मोजून द्यायचे भात. डॉ. आंबेडकरांनी १९३७च्या सप्टेंबरात मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८च्या जानेवारीत कोकणातली कुळे मुंबईत मोर्चाने आली, तेव्हा त्या गर्दीत कुणबी आणि महार खांद्याला खांदा लावून होते. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर. तोवर कोकणातला कुणबी गिरणगावात पोचला होता आणि शहराने त्याला 'बाल्या' असे आणखी एक नाव देऊन ठेवले होते. कानातल्या बाळीवरून ते पडले, असे सांगतात.

पण या शब्दाची सगळ्यात खोल जखम पुल्लिंगात नाही. ती स्त्रीलिंगात आहे.

'कुटुंबी'चे स्त्रीलिंग 'कुटुंबिनी'. घरची धनीण. हे रूप संस्कृतात मानाचे होते आणि मराठीतही तत्सम रूपात मानाचेच राहिले. त्याचे झिजलेले मराठी रूप 'कुणबीण'. कुणब्याची बायको, एवढाच अर्थ व्हायला हवा होता. पेशवाईच्या कागदांत मात्र कुणबीण म्हणजे विकत घेतलेली बाई, बटीक. तिची किंमत ठरते, ती पळून गेली तर शोध होतो, बक्षीस म्हणून ती एका घरातून दुसऱ्या घरी जाते. सरकारी कोठीत, पागेत, किल्ल्यावर, मोठ्या वाड्यांत दळणकांडण करायला कुणबिणी असत. काही दुष्काळात विकल्या गेलेल्या, काही लांबच्या मुलखातून आणलेल्या, तर काही 'बदअंमल' केल्याच्या आरोपावरून सरकारजमा झालेल्या. यांतल्या कितीजणी खरोखर कुणब्याच्या घरी जन्मल्या होत्या, हे कागद सांगत नाहीत, आणि कागद लिहिणाऱ्याला त्याची गरजही नव्हती.

इथे एक गोष्ट खटकते. पुरुष गुलामाला कुणी 'कुणबी' म्हटले नाही. त्याच्यासाठी 'गुलाम' होता, 'पोरगा' होता. कुणबी हा शब्द पाटलाच्या पंक्तीला बसत होता, त्याच वेळी त्याचे स्त्रीलिंग कोठीत जाते घेऊन बसले होते. हे का झाले असावे? मला दिसते ते असे. वाड्यात पाणी भरायला, दळायला, मुले सांभाळायला बाई हवी तर तिच्या हातचे चालले पाहिजे. जिचा गाव ठाऊक नाही, आईबाप ठाऊक नाहीत, अशा बाईला घरात घेताना तिला एखादे सोयीचे, सोवळ्याला फार धक्का न लावणारे नाव द्यावे लागते. कुणबीण हे तसे नाव होते. विकत घेतलेल्या बाईला जात चिकटवायची, म्हणजे तिच्या हातचे पीठ खाता येते. ज्या शब्दात 'घरची धनीण' असा अर्थ होता त्याचाच उपयोग दुसऱ्याच्या घरात धनीपण नसलेल्या बाईसाठी झाला. १८५७च्या मोल्सवर्थच्या कोशात कुणबीण या शब्दाखाली कुणबी स्त्री आणि दासी असे दोन्ही अर्थ शेजारीशेजारी नांदतात. गुलामगिरीला कायद्याचा आधार उरणार नाही असे कंपनी सरकारने १८४३ साली ठरवले होते, पण अर्थ काढून टाकायला कोशकाराला चौदा वर्षे पुरली नाहीत. बरोबरच आहे म्हणा, तो अजून बोलला जात असणार.

युरोपातही असेच झाले. जुन्या नॉर्स भाषेत 'बोंदी' म्हणजे घरदार असलेला स्वतंत्र शेतकरी. आइसलँडमध्ये आजही शेतकऱ्याला तेच म्हणतात. इंग्लंडात गेल्यावर त्याच शब्दाच्या दोन वाटा झाल्या. घराला जोडून तो 'हजबंड' झाला, नवरा झाला; शेतीलाही 'हजबंड्री' म्हणू लागले. आणि नॉर्मन सरदारांच्या राज्यात शेतकरी वेठीला लागला तसा तोच शब्द 'बाँडेज'मध्ये गेला. घरधनी आणि बांधलेला माणूस एकाच धातूतून निघाले. आपल्याकडे फरक एवढाच, की बांधले गेले ते फक्त बाईचे रूप. आजही कुणबी जातीच्या मुलीच्या दाखल्यावर 'कुणबी' असेच लिहितात. 'कुणबीण' मागायला कोणी जात नाही.

पुल्लिंगी शब्दालाही पुढे उतरती कळा लागलीच, पण ती नुसत्या तुच्छतेची. 'कुणबट' म्हणजे अडाणी, 'कुणबाऊ' म्हणजे ओबडधोबड. संस्कृत काव्यशास्त्राने 'ग्राम्यता' हा काव्यदोष मानला होताच. पुण्यातल्या शुद्ध बोलणाऱ्यांनी त्याचे देशी भाषांतर करून ठेवले. एकीकडे नाव खाली ढकलले जात होते, दुसरीकडे नाव असलेले वर चढत होते. कुणब्याची परिस्थिती सुधारली की तो मराठा होतो, अशा अर्थाची म्हण एकोणिसाव्या शतकात सर्रास ऐकू येई. ती चेष्टेने म्हटली जायची, पण तिच्यात समाजशास्त्र पुष्कळ होते. मराठा आणि कुणबी यांच्यात भिंत नव्हती, जिना होता. जमीन वाढली, वतन मिळाले, चार तलवारी घरात आल्या, बायका पडद्यात बसू लागल्या की दोन पिढ्यांत वरच्या पायरीवर. इंग्रजांची जनगणना आली तेव्हा दर दहा वर्षांनी प्रगणकासमोर उभा राहून माणूस आपले नाव नव्याने सांगू लागला, आणि पुष्कळांनी 'मराठा' सांगितले. गुजरातेतल्या कणब्यांनी तर नावच टाकले आणि 'पाटीदार' घेतले. उत्तरेतल्या कुर्म्यांनी क्षत्रियत्वाचा झेंडा उचलला. १९१९ साली कानपूरला कुर्मी क्षत्रियांच्याच परिषदेत कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींना 'राजर्षी' ही पदवी मिळाली. कुर्मी आणि कुणबी हे शब्द एकाच मुळाचे असोत वा नसोत, दोघांना ते तसे असावेत असे वाटत होते.

मग जिना उलटा वापरात आला. कारण सर्वांना ठाऊक आहे. कुणबी इतर मागासवर्गात आहेत, मराठा त्यात नाहीत. विदर्भात पंजाबराव देशमुखांच्या आग्रहामुळे पुष्कळांनी आपली कुणबी ही नोंद टिकवून धरली, असे म्हणतात. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात ती पुसली गेली होती. २००४च्या जूनमध्ये 'मराठा कुणबी' आणि 'कुणबी मराठा' अशी जोडनावे कुणब्यांच्या नोंदीत घातली गेली. २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती जुन्या कुणबी नोंदी शोधायला बसली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. २ सप्टेंबर २०२५ला हैदराबाद गॅझेटियरच्या आधाराने कुणबी दाखले देण्याचा शासन निर्णय निघाला. त्या निजामी मुलखाचे वर्णन करताना इंग्रज अमदानीतले लेखक तेलंगणातल्या कापूंना आणि मराठवाड्यातल्या कुणब्यांना एकाच दमात, 'कापू किंवा कुणबी' असे मोजतात. त्यांच्या लेखी तो शेती करणाऱ्यांचा गठ्ठा होता. शंभर वर्षांनी त्या गठ्ठ्यातून एकेकाचे आजोबा शोधायचे आहेत. आरक्षण कुणाला मिळावे, हा या लेखाचा प्रांत नाही. शब्दाच्या बाजूने बघणाऱ्याला एवढे दिसते की जुन्या कारकुनाने धंदा म्हणून लिहिलेला शब्द आज जन्माचा पुरावा म्हणून वाचला जातो आहे, आणि धंदा व जन्म यांतली रेघ त्या कारकुनाने कधी आखलीच नव्हती.

गोव्यात उतरलो की गोष्ट पुन्हा बदलते. पोर्तुगीज कागदांत कुणब्याला 'कुरुंबीं' म्हणतात. त्यातला 'र' म्हणजे आपल्या 'कुळंबी'तला 'ळ', असे मी समजतो. परक्या कानाने जुना उच्चार जपून ठेवला. गोव्याचा कुणबी देशावरच्या कुणब्यासारखा जिन्याच्या मधल्या पायरीवर नव्हता. गावडे आणि वेळीप यांच्यासारखा तो तिथला सर्वांत जुना रहिवासी मानला जातो, आणि गावकारीच्या, भाटकारांच्या म्हणजे जमीनदारांच्या व्यवस्थेत तळाशी गेलेला. धर्मांतरानंतर ख्रिस्ती कुणबीही झाले. धर्म बदलला, पायरी तीच राहिली. 'कुरुंबीं' ही तिथल्या ख्रिस्ती समाजात चक्क शिवी होती. २००३ साली गोव्यातल्या कुणबी, गावडा आणि वेळीप यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. त्यांच्या बायकांची लाल चौकड्यांची आखूड साडी शेतात चिखलाच्या वर राहावी अशी नेसलेली असे. वेंडल रॉड्रिक्स या गोव्याच्याच वस्त्रकाराने ती पुन्हा विणून घेतली, आणि आता 'कुणबी साडी' नावाने ती पणजीच्या दुकानांत बऱ्या किमतीला मिळते. शिवीचा शब्द लेबलावर आला.

गोव्याच्या दक्षिणेला शब्द झिजायचा थांबतो, किंबहुना मागे जातो. जोयड्याच्या जंगलात राहणारे, कंदमुळांच्या कितीतरी जाती राखून असलेले लोक स्वतःला कुणबीच म्हणतात आणि कर्नाटक सरकारकडे जमातीचा दर्जा मागतात. उडुपीकडे 'कुडुबी' भेटतात, होळीला नाचणारे. आणि केरळात कोचीच्या आसपास 'कुडुंबी'. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून निघालेल्या या लोकांच्या घरांत अजून कोंकणी बोलली जाते. पोहे कांडणे हा त्यांचा जुना धंदा. आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी प्राकृतात होते ते रूप, 'ड' आणि अनुस्वारासकट, मल्याळी शाळेच्या पटावर आज लिहिले जाते. एरवी व्युत्पत्तीच्या पुस्तकात भेटणारे रूप असे जिवंत सापडले की शब्दांचा नाद असलेल्या माणसाला दुसरे काय हवे?

कुटुंबी, म्हणजे गावातला स्थिर घरदाराचा माणूस, आणि आदिवासी, म्हणजे आपण ज्याला रानातला समजतो तो, हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे बसले, हे कोडे गुजरातच्या डांगात थोडे उलगडते. डांगाच्या जंगलात भिल्ल आहेत आणि त्यांच्या शेजारी कोकणा आहेत. या कोकणांनाच तिथे कुणबी म्हणतात. ते बैल बाळगतात, नांगर धरतात, नागली-भात पिकवतात. भिल्लाच्या शेजारी उभा केला की बैलजोडीवाला माणूस कुणबीच दिसणार. पाटलाच्या शेजारी उभा केला तर तोच माणूस रानातला दिसेल. शब्द माणसाला चिकटलेला नव्हता, दोन शेजाऱ्यांमधल्या अंतराला चिकटला होता. पुढे अनुसूची छापली गेली आणि हे अंतर कायमचे गोठले. गुजरातच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'कुणबी (डांग जिल्ह्यातील)' अशी नोंद आहे. महाराष्ट्राच्या यादीत त्यांचेच भाईबंद 'कोकणा' या नावाने आहेत.

सुरगाण्याच्या कोकणा मुलीचे लग्न पलीकडे आहव्याच्या कुणबी मुलाशी लागले, तर दोघेही एकाच बोलीत भांडतील आणि दोघांचेही दाखले अनुसूचित जमातीचेच असतील, नावे तेवढी वेगळी. आणि तो जावई कामासाठी नाशिकला राहायला आला, खिडकीशी जाऊन त्याने जात 'कुणबी' सांगितली, तर पलीकडचा कारकून न विचारता त्याच्यापुढे इतर मागासवर्गाचा अर्ज सरकवील.